खोपट कोणाचे, मासा कोणाचा?

नॉर्वेच्या किनाऱ्याचे कोणतेही कॅलेंडर उघडा, एक चित्र हमखास भेटते. काळसर, निश्चल पाणी, मागे बर्फाचे सुळके आणि पाण्यात खांब रोवून उभी असलेली लाल लाकडी खोपटे. या खोपटाला तिथे ‘रोर्बू’ म्हणतात. ‘रो’ म्हणजे वल्हवणे, ‘बू’ म्हणजे निवारा. वल्हवत आलेल्या माणसाने पाठ टेकायची जागा, एवढाच त्याचा अर्थ. आज तिथे पर्यटक राहतात. त्यांच्याआधी कोण राहत होते, हे शोधू लागलो तेव्हा त्या देखण्या किनाऱ्याची दुसरी बाजू माझ्यासमोर आली.

फ्योर्ड म्हणजे हिमनदीने डोंगरात कोरलेली आणि नंतर समुद्राने भरलेली खोल दरी. सोग्नेफ्योर्ड हा नॉर्वेतला सर्वांत लांब. तो दोनशे किलोमीटरहून अधिक आत शिरतो आणि त्याची खोली १३०० मीटरच्या घरात जाते. अशा दरीत सपाट जमीन ती किती असणार? पाण्याकाठी चिंचोळी पट्टी, तीवर चार गुरे, थोडे बार्ली-बटाटे. एवढ्यावर वर्ष निघत नसे. म्हणून नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरचा माणूस अर्धा शेतकरी आणि अर्धा कोळी असे. हिवाळ्यात घर, गोठा आणि मुले बाईच्या हवाली करून पुरुष लोफोटेन बेटांकडे निघत.

लोफोटेन ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला, ६८ अंशांच्या आसपास आहे. तरी तिथला समुद्र गोठत नाही, कारण अटलांटिकमधला उबदार प्रवाह तिथवर पोचतो. जानेवारी ते एप्रिल या काळात बॅरेंट्स समुद्रातला कॉड मासा अंडी घालायला इथे येतो. या फिरस्त्या कॉडला ‘स्क्राय’ म्हणतात. त्याच्यामागे हजारो माणसे उघड्या होड्यांतून येत. योहान बोयर या कादंबरीकाराने १९२१ साली ‘द लास्ट ऑफ द व्हायकिंग्ज’ या नावाने इंग्रजीत गेलेली कादंबरी लिहिली, ती याच माणसांवर. त्यांना राहायला जागा हवी, म्हणून बाराव्या शतकाच्या सुरुवातीला ओयस्टाइन राजाने काबेलवोगजवळ खोपटे बांधवली, असे जुने उल्लेख सांगतात. लाल रंगाचे कारणही साधे आहे. गेरूसारखी माती माशाच्या तेलात कालवली की तो तयार होई. सर्वांत स्वस्त रंग तोच.

मी मार्चमध्ये गेलो होतो. नाकाला आधी वास कळला, मग डोळ्यांना मांडव दिसले. लाकडी वाशांच्या या मांडवांना ‘येल’ म्हणतात. डोके काढलेले मासे शेपटीला शेपटी बांधून जोडीजोडीने त्यांवर टांगलेले होते. आपल्याकडे वसईच्या किनाऱ्यावर बोंबील जबड्यात जबडा अडकवून वलांडीवर घालतात, त्याची आठवण झाली. फरक एवढाच की आपला मासा उन्हाने वाळतो, तिथला थंड वाऱ्याने. फेब्रुवारी ते मे या काळात तापमान शून्याच्या आसपास राहते. त्याहून थंडी पडली तर मासा गोठून फुटतो, ऊब वाढली तर सडतो. मिठाचा कणही न लावता त्यातले बहुतेक पाणी निघून जाते आणि लाकडासारखा कडक झालेला मासा वर्षानुवर्षे टिकतो.

टिकतो म्हणून तो दूर जातो. १४३२ च्या जानेवारीत पिएत्रो क्वेरिनी हा व्हेनिसचा व्यापारी जहाज फुटून लोफोटेनच्या टोकाच्या रोस्ट बेटांजवळ लागला. कोळ्यांनी त्याला आणि त्याच्या सोबत्यांना काही महिने सांभाळले. या माशाचे मोठे गिऱ्हाईक आजही इटली आहे. वाळवलेली डोकी नायजेरियात जातात.

पण एवढी मागणी असलेला मासा धरणारा गरीबच का राहिला? उत्तर मालकीत आहे. मासा बर्गनला जाई. तिथे चौदाव्या शतकापासून जर्मन हान्सा व्यापाऱ्यांची पेढी होती. ते धान्य उधारीवर देत आणि मासा घेत. उधारी फिटत नसे. पुढे गावोगावचे जमीनमालक बळावले. खोपट त्यांचे, धक्का त्यांचा, दुकान त्यांचे. १८१६ च्या कायद्याने गावासमोरच्या समुद्रावरही त्यांचा हक्क मानला. कोळ्याने त्यांच्या खोपटात राहायचे आणि मासाही त्यांनाच घालायचा. १८५७ च्या कायद्याने समुद्र मोकळा केला आणि देखरेख सरकारकडे दिली. तरीही भाव खरेदीदारच ठरवत राहिला. ती गाठ सुटली १९३८ मध्ये. त्या साली आलेल्या कायद्याने पहिल्या विक्रीचा किमान भाव ठरवण्याचा अधिकार कोळ्यांच्याच विक्री संघटनेला मिळाला. समुद्र मोकळा झाल्यापासून भाव हाती यायला एक्याऐंशी वर्षे लागली.

मधल्या काळात होड्यांना इंजिने आली, माणसे बोटीवरच झोपू लागली आणि रोर्बू ओस पडले. १९६० च्या दशकापासून ते पर्यटकांना भाड्याने मिळू लागले. त्यात वाईट काही नाही. नाहीतर ती खोपटे कुजून गेली असती. नुसफ्योर्डसारखे गाव १९७५ च्या युरोपीय वास्तुवारसा वर्षात जतनासाठी निवडले गेले, म्हणून आज पाहायला मिळते. काळजी वेगळीच आहे. १९८० च्या दशकाअखेर कॉडचा साठा घटला आणि १९९० पासून बोटीगणिक कोटा आला. मासा वाचायला ते गरजेचे होते. पण पुढे बोटीबरोबर कोटाही विकत घेता येऊ लागला. लहान बोटींसाठी खुला गट राखला आहे. तरी ज्याच्याकडे भांडवल त्याच्याकडे मासा, हे जुने गणित नव्या वहीत पुन्हा मांडले जाते आहे.

लोफोटेनचा मोठा रस्ता जिथे संपतो त्या गावाचे नाव एकाच अक्षराचे आहे, ‘ओ’. नॉर्वेजियन वर्णमालेतले हे शेवटचे अक्षर. तिथे मासेमारी गावाचे संग्रहालय आहे. लोफोटेनच्याच दुसऱ्या एका गावात, धक्क्यावर दहा-बारा वर्षांचा एक मुलगा कॉडची डोकी खिळ्यावर रोवून जिभा कापत होता. ही तिथल्या मुलांची परंपरेने चालत आलेली कमाई. जिभा विकून आलेले पैसे त्यांचेच. आजूबाजूला आम्ही पर्यटक फोटो काढत होतो. त्याने वर पाहिले नाही, त्याचा हात चालू होता.

किनाऱ्यावरचे गाव जिवंत आहे की नुसते देखणे, हे ओळखायला मला तेव्हापासून तीन प्रश्न पुरतात. खोपट कोणाचे? मासा कोणाचा? आणि भाव कोण ठरवतो?