बाप्पा रावळ : आख्यायिका आणि इतिहास

उदयपूरच्या उत्तरेस सुमारे २२ किलोमीटरवर कैलासपुरी येथे श्री एकलिंगजींचे पुरातन देवस्थान आहे. मेवाडचे महाराणे राज्याचे खरे स्वामी एकलिंगजी मानीत व स्वतःस त्यांचे दिवाण म्हणवीत. या परंपरेचा आरंभ बाप्पा रावळांपासून सांगितला जातो.

आख्यायिका अशी की, पोरका बाप्पा नागदा येथे गाई राखीत असे. त्यांतील एक गाय सायंकाळी दूध देईना. मागोवा घेता ती वनात शिवलिंगावर पान्हा सोडताना दिसली. तेथेच हारीत ऋषींचे दर्शन घडले. त्यांच्या सेवेचे फळ म्हणून बाप्पास शिवकृपा लाभली आणि पुढे मोरी राजाकडून चितोड मिळाले.

इतिहास काय सांगतो? चितोडवर मोरी घराणे होते, हे इ. स. ७१३ च्या मानमोरीच्या शिलालेखावरून दिसते. एकलिंगजी येथील इ. स. ९७१ च्या शिलालेखात गुहिल वंशातील 'बप्पक' राजाचा गौरव आहे. मात्र इ. स. ९७७ च्या आटपूर लेखातील वंशावळीत हे नाव नाही. 'बप्प' हा पित्यासमान व्यक्तीसाठी आदरार्थी शब्द; आपल्या 'बाप' शब्दाचाच तो आप्त. म्हणून ही उपाधी असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. ती कोणाची, याविषयी मतभेद आहेत. गौरीशंकर ओझा कालभोज म्हणतात, तर देवदत्त भांडारकर खोम्माण. पंधराव्या शतकातील 'एकलिंगमाहात्म्य' ग्रंथात बाप्पांच्या राज्यत्यागाचे वर्ष संवत् ८१०, म्हणजे इ. स. ७५३, दिले आहे.

अरबांशी झालेल्या संग्रामाचे श्रेयही बाप्पांना दिले जाते. चिं. वि. वैद्य यांनी त्यांची तुलना फ्रान्सच्या चार्ल्स मार्टेलशी केली. इ. स. ७३९ च्या नवसारी ताम्रपटात अरब सैन्याने सैंधव, सौराष्ट्र, मौर्य, गुर्जर आदी राजांना पीडा दिल्याचा व चालुक्य पुलकेशीने त्या सैन्यास रोखल्याचा उल्लेख आहे. यातील मौर्य म्हणजे चितोडचे मोरी असावेत, असा तर्क आहे. तसे असल्यास मोरींची सत्ता खिळखिळी झाली असता गुहिलांचा उदय होणे स्वाभाविक ठरते. परंतु त्या ताम्रपटात बाप्पांचे नाव नाही; गझनीपर्यंतच्या विजयाच्या कथेस तर समकालीन आधारच नाही.

मराठी भाविकांस हा विषय परका नाही. इ. स. १६७४ च्या राज्याभिषेकप्रसंगी भोसले कुळाचा संबंध मेवाडच्या सिसोदिया वंशाशी जोडला गेला. त्या वंशावळीविषयीही अभ्यासकांत एकमत नाही.

आम्हांस असे वाटते की, श्रद्धेने कथा ऐकावी आणि विवेकाने पुरावा पाहावा. कथेस शिलालेखाचे वजन देऊ नये. शिलालेखात नाही म्हणून कथा टाकूनही देऊ नये. राज्य देवाचे व आपण केवळ सेवक, हा भाव शेकडो वर्षे ज्या आख्यायिकेने जागता ठेवला, तिचे मोल बाप्पा कोण होते या वादाच्या निकालावर अवलंबून नाही.

॥ श्री एकलिंगजी प्रसन्न ॥