पुडे किती आणि कुठले?

तेंदूपत्त्याच्या हंगामात सिरोंच्याकडच्या फळीवर, म्हणजे पाने विकत घेण्याच्या जागी, रोज नोंद होते : तारीख, फळीचा क्रमांक, पुडे किती. (70 पानांचा एक पुडा.) समजा, अशा सर्व वह्या संगणकात भरल्या. ही रोज वाढणारी, बेरजेच्या आकड्यांची सारणी म्हणजे फॅक्ट टेबल. फळी कोणत्या गावात, कोणत्या जिल्ह्यात, हे दर ओळीत कशाला लिहायचे? त्याची वेगळी, लहानशी यादी असते. ती डायमेन्शन टेबल. क्रमांकाने दोन्ही जोडलेल्या असतात.

ही यादी क्वचितच बदलते, पण बदलली की पंचाईत! 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. सिरोंचा तिकडे गेले. यादीत नुसते ‘चंद्रपूर’ खोडून ‘गडचिरोली’ लिहिले, तर 1975 चे पुडेही तेव्हा नसलेल्या जिल्ह्याच्या खाती पडतील. म्हणून जुनी ओळ तशीच ठेवून तिच्यापुढे शेवटची तारीख घालतात आणि त्याच फळीसाठी नव्या क्रमांकाची ओळ उघडतात. 1975 च्या नोंदी जुन्या क्रमांकालाच धरून राहतात. गावाचे नाव मात्र दोन्ही ओळींत एकच. त्यामुळे त्या गावाची सलग बेरीजही हवी तेव्हा काढता येते.