लहरींचा लिलाव ते पंधराशेंचा फोन

आयआयटी मद्रासमधील प्राध्यापक अशोक झुनझुनवाला आणि त्यांच्या टेनेट गटाने १९९० च्या दशकात मांडलेला हिशेब मागील लेखांकात तपशिलाने आला आहे. एक टेलिफोन जोडणी उभारण्यास चाळीस हजार रुपये लागत असतील, तर व्याज, घसारा आणि देखभाल धरून कंपनीला त्या रकमेच्या एक तृतीयांशाहून अधिक उत्पन्न त्याच जोडणीतून दरवर्षी काढावे लागते. एवढे बिल भरू शकणारी घरे देशात थोडीच असल्याने जोडणीचा खर्च आधी दहा हजारांवर आणला पाहिजे आणि तंत्रज्ञान त्या आकड्याला धरून घडवले पाहिजे, असे त्याचे सार होते. कॉरडेक्ट ही बिनतारी यंत्रणा त्या विचारातून जन्मली. पुढे ब्रॉडबँडचे, म्हणजे वेगवान इंटरनेटचे, युग आले तेव्हा मात्र देशाने नेमका उलटा क्रम धरला. आधी लहरी विकल्या आणि ग्राहकाच्या हातात द्यायच्या यंत्राचा विचार नंतर केला. या उलट्या क्रमाची किंमत सहा-सात वर्षांच्या विलंबाने मोजावी लागली, आणि त्या विलंबाची कारणे प्रस्तुत लेखांकात पाहायची आहेत.

२४ मे ते ११ जून २०१० या काळात केंद्र सरकारने २३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरींचा लिलाव केला. मराठी वृत्तपत्रांत या लहरींना ‘ध्वनिलहरी’ म्हणण्याचा प्रघात पडला आहे, पण त्या ध्वनीच्या लहरी नसून रेडिओ लहरी आहेत, म्हणून येथे नुसते ‘लहरी’ म्हटले आहे. प्रत्येक दूरसंचार विभागात २० मेगाहर्ट्झचे दोन गाळे खासगी कंपन्यांसाठी होते. देशातील सर्व २२ विभागांतील गाळे इन्फोटेल ब्रॉडबँड या अपरिचित कंपनीने सुमारे १२,८४८ कोटी रुपयांना घेतले आणि लिलाव संपला त्याच दिवशी रिलायन्स इंडस्ट्रीजने या कंपनीतील ९५ टक्के हिस्सा ४,८०० कोटी रुपयांना विकत घेतल्याचे जाहीर केले. महाराष्ट्र, कर्नाटक, पंजाब आणि कोलकाता हे विभाग भारती एअरटेलकडे गेले. मुंबई, दिल्ली, हरियाणा आणि केरळ हे चार विभाग क्वालकॉम या अमेरिकी कंपनीने घेतले, आणि ही कंपनी दूरसंचार सेवा देणारी नसून मोबाइलच्या चिप बनवणारी होती, ही गोष्ट बारकाईने पाहण्याजोगी आहे.

चिप बनवणाऱ्या कंपनीने लहरी का विकत घ्याव्यात, याचे उत्तर कळण्यासाठी त्या पट्ट्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे. साध्या मोबाइल सेवेत बोलणे पाठवण्यासाठी एक पट्टा आणि येणारे बोलणे घेण्यासाठी दुसरा अशी जोडी असते. २३०० मेगाहर्ट्झमध्ये मात्र एकच पट्टा होता आणि त्यावर पाठवणे व घेणे आळीपाळीने, सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात, करावे लागे. या पद्धतीला टीडीडी म्हणतात. अशा पट्ट्यावर त्या काळी दोन तंत्रज्ञाने दावा सांगत होती. वायमॅक्सच्या पाठीशी इंटेल होती आणि त्याची यंत्रे बाजारात मिळतही होती. टीडी-एलटीई हे मोबाइल उद्योगाच्या चौथ्या पिढीतील एलटीई तंत्रज्ञानाचे भावंड होते, परंतु २०१० च्या उन्हाळ्यात ते प्रयोगशाळेतून जेमतेम बाहेर पडत होते. चायना मोबाइलने त्याचे प्रात्यक्षिक त्याच वर्षी शांघायच्या जागतिक प्रदर्शनात मांडले. भारतासारखी बाजारपेठ वायमॅक्सकडे गेली असती तर क्वालकॉमच्या चिपांना तेथे वाव उरला नसता, म्हणून तिने चार विभाग घेऊन टीडी-एलटीईचा पाया घातला आणि २०१२ पासून टप्प्याटप्प्याने तो व्यवसाय भारती एअरटेलकडे सोपवला. यात तिचा स्वार्थ उघड होता, तरीही भारतीय ग्राहकाचे त्यात हितच झाले, असे आज मागे वळून पाहता म्हणावे लागते.

हे हित चिपच्या अर्थशास्त्रात दडलेले आहे. चिपचा आराखडा तयार करणे, तो तपासणे आणि निरनिराळ्या जाळ्यांवर त्याची चाचणी घेणे यांचा खर्च एकदाच होतो, मग चिपा लाख निघोत वा कोटी. समजा हा खर्च दहा कोटी रुपये असेल, तर एक लाख यंत्रांवर वाटल्यास प्रत्येकामागे हजार रुपये पडतात आणि एक कोटी यंत्रांवर वाटल्यास केवळ दहा. म्हणून गरीब देशाने केवळ स्वतःपुरते वेगळे तंत्रज्ञान निवडले, तर ते कितीही चांगले असले तरी यंत्र महागच राहते. वायमॅक्सचे नेमके हेच झाले. जगातील मोठ्या मोबाइल कंपन्या एलटीईकडे वळल्या आणि वायमॅक्सच्या यंत्रांची संख्या वाढलीच नाही. उलट फेब्रुवारी २०११ मध्ये चायना मोबाइल, भारती एअरटेल, जपानची सॉफ्टबँक आदी कंपन्यांनी टीडी-एलटीईच्या प्रसारासाठी संयुक्त मंच स्थापन केला, डिसेंबर २०१३ मध्ये चीनने या तंत्रज्ञानाचे परवाने दिले, आणि तेथील कोट्यवधी ग्राहकांसाठी निघालेल्या चिपांत २३०० मेगाहर्ट्झची सोय असल्याने भारताला ती जवळजवळ आयती मिळाली.

परंतु त्यात वर्षे गेली. एअरटेलने एप्रिल २०१२ मध्ये कोलकात्यात देशातील पहिली ४जी सेवा सुरू केली, त्याच वर्षी बेंगळुरू आणि पुण्यात ती आली, आणि तिन्ही ठिकाणी ग्राहकाला प्रथम मिळाले ते डोंगल किंवा टेबलावर ठेवायचे मोडेम. डोंगल उघडून पाहिल्यास त्यात खर्च कोठे बसतो हे दिसते. अंगठ्याएवढ्या जागेत संदेशाची गणिते करणारी मुख्य चिप, लहरी घेणारी व सोडणारी दुसरी चिप, बाहेर जाणाऱ्या लहरींना जोर देणारा प्रवर्धक, शेजारच्या पट्ट्यांतील गोंगाट अडवणारे गाळणे, थोडी मेमरी, सिमकार्डाची खाच आणि बारीक अँटेना एवढे सारे दाटीवाटीने बसवलेले असते. आणखी एक पट्टा हवा म्हटले की त्याच्यासाठी आणखी एक गाळणे आणि बहुधा आणखी एक प्रवर्धक लागतो. २३०० मेगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींतून नीट शिरत नाहीत, त्यामुळे घराच्या आतल्या खोलीत रेंज मिळावी यासाठी ८५० आणि १८०० मेगाहर्ट्झचे पट्टेही यंत्रात असणे भाग पडले. शिवाय डोंगल चालवायला संगणक लागतो, आणि ज्याच्याकडे संगणक आहे तो ग्राहक मुळात गरीब नव्हताच.

५ सप्टेंबर २०१६ रोजी रिलायन्सच्या जिओची सेवा सुरू झाली तेव्हा हा प्रश्न अधिक तीव्र झाला, कारण या कंपनीकडे जुनी २जी किंवा ३जी सेवा नव्हती आणि बोलणेसुद्धा इंटरनेटच्या माहितीप्रमाणे तुकड्या-तुकड्यांनी पाठवणाऱ्या व्होएलटीई पद्धतीनेच होणार होते. अर्थात जुना बटणांचा फोन तिच्या जाळ्यावर निरुपयोगी होता. ३जी फोन असलेल्यांसाठी १,९९९ रुपयांचे जिओफाय हे खिशातले हॉटस्पॉट आले आणि २,९९९ रुपयांपासून लाइफ फोन आले. तरीही कंपनीच्याच आकड्यानुसार देशातील ७८ कोटी फोनांपैकी ५० कोटी साधे फोन होते, आणि त्या ग्राहकाला तीन हजार रुपये परवडत नव्हते. केवळ स्वस्त फोन काढून हा प्रश्न सुटत नाही, हे आधीच दिसून आले होते. २०१४ मध्ये इंटेक्सने फायरफॉक्स ओएसवर चालणारा क्लाउड एफएक्स १,९९९ रुपयांना विकायला आणला, पण तो २जीच्या पुढे जात नसल्याने इंटरनेट त्यावर रखडतच चाले.

२१ जुलै २०१७ रोजी जाहीर झालेल्या जिओफोनने फायरफॉक्स ओएसपासूनच निघालेली कायओएस ही प्रणाली घेतली आणि तिला ४जी चिपची जोड दिली. २.४ इंची पडदा, ओळखीची बटणे, ५१२ एमबी रॅम आणि व्होएलटीई असे हे यंत्र होते. बोटाने पडदा सरकवण्याची सवय नसलेल्या माणसाला बटणे ठेवणे हा त्यातील सर्वात शहाणपणाचा निर्णय म्हणता येईल. व्हॉट्सॲप मात्र त्यावर सप्टेंबर २०१८ मध्ये आले, आणि तोवर घरोघरी ज्यासाठी फोन हवा असतो तेच नेमके त्यात नव्हते.

किंमत १,५०० रुपये, तीही तीन वर्षांनी परत मिळणारी अनामत, अशी जाहिरात झाली. तिच्या शर्ती वाचल्या की खर्च नाहीसा झाला नव्हता, त्याची जागा बदलली होती, हे कळते. अनामत परत हवी असल्यास दरवर्षी किमान १,५०० रुपयांचे रिचार्ज करणे बंधनकारक होते, आणि फोनमध्ये दुसऱ्या कंपनीचे सिम चालत नसे. यंत्राचा भार असा महिन्यामहिन्यांवर विभागून देणे हे गरीब ग्राहकाच्या सोयीचे होते यात शंका नाही. परंतु त्याच्याकडून निवड करण्याचा अधिकार त्या बदल्यात काढून घेतला गेला, आणि ही बाब प्रस्तुत लेखकाच्या मते त्या योजनेतील खरी उणीव होय. सरकारनेही हात सैल सोडला नाही. मोबाइल फोनवरील जीएसटी एप्रिल २०२० मध्ये १२ वरून १८ टक्के झाला आणि तो भार सर्वात स्वस्त फोनावरही तितक्याच दराने पडला.

जिओफोननंतर डिसेंबर २०१९, २०२१ चा अखेरचा काळ आणि जुलै २०२४ अशा तीन वेळा खासगी कंपन्यांनी रिचार्जचे दर मोठ्या प्रमाणात वाढवले. झुनझुनवालांच्या हिशेबात जोडणीचा खर्च आणि वर्षाचे बिल एकत्र मांडलेले होते, आणि यंत्र स्वस्त झाल्यावर हिशेबाचा दुसरा भागच आज जड झाला आहे. जुलै २०२३ मध्ये आलेल्या जिओभारत या ४जी फोनची किंमत ९९९ रुपये होती. तो वर्षभर चालू ठेवण्याचे रिचार्ज तेव्हाच १,२३४ रुपयांचे होते.