किंमत शून्य झाली, आता मोजायचे काय?

व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो घ्यायचे तर पूर्वी १९९ डॉलर मोजावे लागत. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर कंपनी ताब्यात घेतली. मे २०२४ मध्ये हे सॉफ्टवेअर वैयक्तिक वापरासाठी मोफत झाले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरपासून व्यावसायिक वापरासाठीही. ओरॅकलचे व्हर्च्युअलबॉक्स मुळातच मोफत, मायक्रोसॉफ्टचे हायपर-व्ही विंडोजच्या प्रो आवृत्तीतच येते, लिनक्सवरचे केव्हीएम तर फेब्रुवारी २००७ पासून कर्नेलचाच भाग आहे. म्हणजे एका कॉम्प्युटरवर दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम चालवायची असेल, तर किमतीवरून निवड करण्याचे दिवस संपले. तरीही ‘कोणते घेऊ?’ असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला फुकट सॉफ्टवेअरची नावेच सांगितली जातात. त्याच्या लॅपटॉपमध्ये रॅम किती, हे कोणी विचारत नाही. खरे तर तो आकडा सगळ्यात आधी विचारायला हवा.

८ जीबी रॅमचा हिशेब करून पाहू. विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. आत गेस्ट म्हणून उबंटू डेस्कटॉप टाकायचे, तर त्यालाही ४ जीबी हवी. बेरीज ८. ब्राउझर उघडायला काही उरत नाही, शिवाय वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर रॅमचा थोडा भाग स्क्रीनसाठी आधीच राखलेला असतो. व्हर्च्युअलबॉक्समध्ये व्हर्च्युअल मशीन बनवताना रॅमची एक सरकपट्टी दिसते: हिरवी, मग केशरी, मग लाल. ८ जीबीच्या लॅपटॉपवर बरेच जण ती केशरी पट्ट्याच्या टोकापर्यंत ओढतात. मग होस्ट (म्हणजे बाहेरची मूळ सिस्टिम) आणि गेस्ट दोघेही रॅममधली पाने डिस्कवर टाकू लागतात आणि बोल लागतो व्हर्च्युअलबॉक्सला. त्या जागी व्हीएमवेअर टाकले तरी बेरीज ८ च राहते.

अशा वेळी गेस्ट हलके निवडावे. डेस्कटॉप नसलेला उबंटू सर्व्हर १-२ जीबीत आरामात चालतो. फक्त लिनक्सच्या कमांड शिकायच्या असतील, तर वेगळे मशीनही नको. विंडोजमध्ये २०२० पासून डब्ल्यूएसएल-२ मिळते आणि ते होम आवृत्तीतही चालते. एक ध्यानात ठेवायचे: मर्यादा घालून दिली नाही, तर ते होस्टची निम्मी रॅम घेऊ शकते.

वेगाचा मुद्दा निघाला की लोक हमखास प्रोसेसरचे बोलतात, पण तिथे फरक फार कमी पडतो. २००५ साली इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने व्हर्च्युअलायझेशनची सोय थेट चिपमध्ये आणली. त्याआधी व्हीएमवेअरला गेस्टच्या काही सूचना चालता चालता बदलून घ्याव्या लागत. आता ही सगळी सॉफ्टवेअर चिपच्याच सोयीवर उभी आहेत. व्हर्च्युअलबॉक्सने तर २०१९ च्या शेवटी ६.१ आवृत्तीत तिच्याशिवाय चालण्याचा जुना मार्ग काढूनच टाकला. फरक जाणवतो तो ग्राफिक्समध्ये. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये व्हिडिओ मेमरी १२८ एमबीपर्यंत देता येते, थ्रीडी चालू केले तर २५६. वर्कस्टेशन १७ मध्ये हाच आकडा ८ जीबीपर्यंत जातो. गेस्टमध्ये कॅड किंवा कुठलेही थ्रीडी काम करायचे असेल, तर माझ्या मते इथे दुसरा विचार करायची गरज नाही.

व्हर्च्युअलबॉक्स अचानक रेंगाळू लागले, तर गेस्टच्या खिडकीत खाली उजवीकडे पाहावे. तिथे छोटे हिरवे कासव दिसले, तर विंडोजचा स्वतःचा हायपरव्हायझर आधीच जागा आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावे लागते आहे. नव्या विंडोज ११ लॅपटॉपवर त्याच हायपरव्हायझरवर चालणारी ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा सुरूच असते, त्यामुळे हे कासव बऱ्याच जणांना भेटते. सुरक्षा बंद करून वेग मिळवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. रोजच्या कामाच्या मशीनवर मी तो कधीच देणार नाही. व्हीएमवेअरने २०२० मध्ये १५.५.५ आवृत्तीपासून हायपर-व्हीसोबत राहायची सोय केली आहे, ते वापरून पाहावे. विंडोज प्रो असेल, तर सरळ हायपर-व्हीच घ्यावे. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक घरगुती लॅपटॉपवर मात्र होम आवृत्ती असते आणि तिच्यात हायपर-व्हीचा हा पर्याय नाही.

डिस्कचे आकडे फसवे असतात. हायपर-व्ही नव्या मशीनला आपणहून १२७ जीबीची डिस्क सुचवते, पण प्रत्यक्षात फाइल वापराप्रमाणे वाढते. वाढलेली फाइल गेस्टमधले काही पुसले म्हणून आपोआप लहान होत नाही. त्यात स्नॅपशॉट (मशीनच्या त्या क्षणीच्या स्थितीची नोंद) घेत गेले, की २५६ जीबीची एसएसडी पाहता पाहता भरते.

होस्ट लिनक्स असेल, तर केव्हीएम आणि त्यावर व्हर्ट-मॅनेजर. तिथे इतर काही सुचवावेसे वाटत नाही. एम-चिपवाल्या मॅकवर पॅरलल्स आहे, त्याची साधी आवृत्ती एका गेस्टला ८ जीबी रॅम आणि ४ कोअरपर्यंतच देते. आत चालते ते एआरएमसाठीचे विंडोज ११.

आपल्याकडच्या छापखान्यांना आणि प्रकाशकांना या सगळ्याचा एक वेगळाच उपयोग आहे. युनिकोडपूर्व मराठी फॉन्टमध्ये पेजमेकरवर जुळवलेली कितीतरी पुस्तके अजून जुन्या फाइलींतच अडकलेली आहेत. पेजमेकरची शेवटची ७.० आवृत्ती २००१ ची, आणि त्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरे. विंडोज ११ च्या मागणीचा हा चौसष्टावा भाग. ५१२ एमबी दिली तरी एक्सपी पळते, म्हणजे ८ जीबीचा लॅपटॉप इथे भरपूर झाला. इथे निर्णय डोंगलवर होतो. जुन्या सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल लागत असेल, तर हायपर-व्ही बाद, कारण ते यूएसबी साधन थेट गेस्टला जोडत नाही. व्हर्च्युअलबॉक्स आणि व्हीएमवेअर जोडतात. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ लाच थांबले, म्हणून या मशीनचे नेटवर्क कार्ड सेटिंगमध्येच काढून टाकावे. सगळे फॉन्ट चढवून पहिले पुस्तक नीट उघडले, की लगेच एक स्नॅपशॉट घ्यावा आणि मशीनचे पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करावे. मग एकेक फाइल उघडून, जोडाक्षरे आणि रफार तपासून, तिची पीडीएफ होस्टवर आणावी.