बाणाच्या काठीचा वांक

खानदेशांतील भिल्ल धनुर्धारी परंपरेनें कमठ्याला दोरीऐवजीं बांबूची चीप लावीत आले आहेत, व बाणाची काठीही बहुधा बांबूचीच. काठी किंचित् वांकडी असल्यास नेम चुकतो. म्हणून घरीं बाण करणाऱ्यानें वांक काढण्याची रीत नीट समजून घ्यावी.

काठी दोनतीन वर्षांच्या पक्व बांबूची घ्यावी. कोंवळी वाळतांना सुरकुतते. तोड थंडीच्या दिवसांत करावी; त्यामुळें भुंगा कमी लागतो. काठ्यांची जुडी बांधून कांहीं आठवडे सावलींत वाळवावी. ओल्या काठीचा वांक काढला, तरी ती वाळतांना पुन्हां वळते.

नंतर वांकाची जागा धूर नसलेल्या निखाऱ्यांवर फिरवीत शेकावी. ज्वाळेंत धरूं नये. उष्णतेनें तंतूंना बांधून ठेवणारें द्रव्य मऊ होतें. तेव्हां काठी हळूच उलट बाजूस दाबावी व निवेपर्यंत तशीच धरावी. गांठीजवळचा वांक हट्टी असतो. तेथें बळ न करतां दोनतीन वेळां शेक द्यावा.

घाईनें करपलेली काठी ठिसूळ होते. बाण सुटतांना ती मोडली, तर तिची चीप धनुष्य धरलेल्या हातांत घुसते. यास्तव प्रत्येक काठी वापरण्यापूर्वीं वांकवून पाहावी. कडकड वाजली, तर ती कितीही सरळ असो, चुलींतच घालावी.