गुडघ्यातलं वंगण खरंच संपतं का?



"गुडघ्यातलं वंगण संपलंय." पन्नाशी ओलांडलेल्या बायका असं म्हणतात. खुरपायला बसलं की उठवत नाही, मांडी घालता येत नाही, चैत्रात सोनारीच्या भैरवनाथाच्या यात्रेत दर्शनाच्या रांगेत पाय भरून येतात. मग घरचे मायेनंच सांगतात, "आता बसून राहा." पण गुडघा अडतो कशानं, ते समजलं तर हा सल्ला किती महागात पडतो तेही समजेल.

मटणाची नळी आठवा. तिच्या टोकाला पांढरा, गुळगुळीत, चिवट थर असतो. त्याला कूर्चा म्हणतात. आपल्या गुडघ्यातही मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवर असाच थर असतो. म्हणून हाडावर हाड घासत नाही. वाढतं वय, जास्त वजन, जुना मार, वर्षानुवर्षं उकिडवं बसून केलेलं काम, यांनी तो झिजतो. पाळी गेल्यावर बायकांना हा त्रास जास्त होतो. डॉक्टर याला ऑस्टिओआर्थरायटिस म्हणतात.

गुडघा अडण्याची कारणं चार आहेत.

एक, झिजलेली जागा खडबडीत होते आणि कडेला हाडाचे कोंब वाढतात. दाराखाली खडा आल्यावर दार अडतं, तसंच.

दोन, सांध्याचं आतलं अस्तर सुजतं आणि पाणी वाढतं. म्हणजे सुजलेल्या गुडघ्यात वंगण संपलेलं नसतं, उलट पाणी जास्त झालेलं असतं. म्हणून तो तटतटतो आणि वाकत नाही.

तीन, सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आखडतं. न वापरलेली चामड्याची वादी कडक होते, तसं.

चार, दुखतं म्हणून पाय कमी वापरला जातो आणि मांडीचा स्नायू बारीक होतो. मग शरीराचा भार पेलायला गुडघा एकटाच उरतो.

झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी होत नाही. सूज कमी-जास्त होते. पण आखडणं आणि स्नायूचा अशक्तपणा, या दोन्हींवर आपल्याला काम करता येतं. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. पाय हलला, दाब पडला आणि सुटला, की सांध्यातल्या पाण्यातून तिला पोषण मिळतं. बसून राहिलं की तेही कमी होतं.

म्हणून रोज हे करा. खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करा, पाच अंक मोजा, हळू खाली आणा. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. सपाट रस्त्यानं थोडं चाला. थोडं दुखलं तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशीही जास्तच दुखत असेल तर व्यायाम कमी करा, बंद करू नका. वजन जास्त असेल तर उतरवा. एक किलो कमी झालं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो. उकिडवं बसणं टाळा. भाकरी ओट्यावर उभ्यानं करा. जमेल तिथं खुरप्याऐवजी सायकल कोळपं वापरा.

दुकानातून आणलेल्या वेदनेच्या गोळ्या रोज खाऊ नका. पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडतं. गुडघा लाल, गरम होऊन ताप आला, पडल्यावर पाय टेकेना, किंवा हाताची बोटंही सुजून सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेली राहिली, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. तो आजार वेगळा असू शकतो.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा करण्याआधी सगळ्यांनी मिळून दहा वेळा पाय सरळ करा. एकटीनं केलेला व्यायाम राहून जातो. चौघीजणी मिळून केला तर टिकतो.