जुन्या शेगडीचे सुटे भाग

मंडळी, दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरून एखादी जुनी गॅसची शेगडी हमखास खाली येते. एक चावी तुटलेली, बर्नरची टोपी हरवलेली, जाळीवर गंज चढलेला. घरातलं एक माणूस म्हणतं, "भंगारात द्या." दुसरं म्हणतं, "अहो, द्यायची कशाला? चांगली दणकट शेगडी आहे. एक चावी नि एक टोपी मिळाली की पोरीच्या नव्या बिऱ्हाडाला होईल." दोघांचंही म्हणणं खोटं नाही. पण शेगडी म्हणजे काही खुर्ची नव्हे, की पाय मोडला आणि दुसरा ठोकला. तिचे काही भाग कुठूनही आणून बसवले तरी चालतात, काही मापानेच घ्यावे लागतात, आणि काही मात्र नवेच घ्यावे लागतात. हा फरक ओळखायचा कसा, ते आज पाहू.

आधी ही शेगडी कोणत्या गॅसची, हे ठरवायला हवं. सिलिंडरचा गॅस आपल्याकडे मुंबईत १९५५ च्या सुमारास आला, पण खेड्यापर्यंत यायला त्याला फार वर्षं लागली. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाली, तेव्हा कित्येक घरांत पहिल्यांदा सिलिंडर आला. त्याच्या कितीतरी आधी, १९८१-८२ पासून, गोबरगॅसच्या राष्ट्रीय कार्यक्रमातून गावोगावी संयंत्रं उभी राहिली होती. त्यांतली काही बंद पडली, आणि शेगड्या माळ्यावर गेल्या. म्हणजे तुमच्या माळ्यावरची शेगडी दोन्हीपैकी कोणतीही असू शकते. दिसायला दोघी बहिणी. पण एकीचं जेवण दुसरीला पचत नाही.

का बरं? तर शेगडीचं काम कसं चालतं ते बघा. चावी उघडली की गॅस एका बारीक भोकातून जोराने बाहेर येतो. या भोकाच्या पितळी तुकड्याला जेट म्हणतात. जेटमधून सुटलेली धार पुढच्या नळीत शिरते आणि जाताना आजूबाजूची हवा आपल्याबरोबर ओढून नेते. नळीत गॅस आणि हवा मिसळतात, आणि मिश्रण बर्नरच्या टोपीच्या भोकांतून वर येऊन पेटतं. उरलेली हवा ज्योत बाहेरून घेते. हवा पुरेशी मिळाली की ज्योत निळी आणि स्थिर असते. कमी पडली की ती पिवळी होते, भांडी काळी पडतात, आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू तयार होऊ लागतो. त्याला ना वास, ना रंग.

आता हिशेब पाहा. सिलिंडरच्या गॅसच्या एका भागाला पूर्ण जळण्यासाठी सुमारे २४ ते ३१ भाग हवा लागते. गोबरगॅसच्या एका भागाला साधारण सहा भाग पुरतात. गोबरगॅसमध्ये उष्णता कमी, म्हणून तो जास्त सोडावा लागतो आणि त्याच्या जेटचं भोक मोठं ठेवलेलं असतं. सिलिंडरच्या शेगडीचं भोक एक मिलिमीटरहूनही लहान असतं. तेव्हा गोबरगॅसची शेगडी सिलिंडरला जोडली तर भडका उठेल. उलट केलं, तर दूधसुद्धा तापणार नाही.

म्हणून पहिली गोष्ट: शेगडी उलटी करा. खाली किंवा बाजूला एक पाटी असते. तिच्यावर कारखान्याचं नाव, शेगडीचा नमुना आणि ती कोणत्या गॅससाठी आहे हे लिहिलेलं असतं. आयएसआयचा शिक्काही तिथेच सापडतो. पाटी पुसट झाली असेल तर थोडं रॉकेल लावून फडक्याने पुसा आणि अक्षरं वहीत उतरून घ्या. सुट्या भागाच्या शोधाची सुरुवात दुकानात होत नाही, या पाटीपाशी होते.

दुसरी गोष्ट: नवा भाग शोधण्याआधी शेगडी साफ करा. पडून राहिलेल्या शेगडीच्या नळीत झुरळं घर करतात, कोळी जाळं विणतो, कुंभारमाशी तर मातीचं घरटंच बांधते. ज्योत पिवळी किंवा अर्धवट येते, आणि आपण समजतो की बर्नर गेला. बर्नर काढून गरम साबणपाण्यात भिजवा, नळीतून बारीक ब्रश फिरवा आणि उन्हात खडखडीत वाळवा. अनेकदा एवढ्यावरच काम भागतं आणि काहीही विकत आणावं लागत नाही.

आता सुट्या भागांकडे वळू. त्यांचे मी तीन गट करतो.

पहिला गट भार धरणाऱ्या भागांचा: भांडं ठेवायची जाळी, खालचे रबरी पाय, सांडलेलं गोळा करणारी ताटली. इथे गॅसचा संबंध नाही. हे भाग दुसऱ्या मोडक्या शेगडीवरून काढून घ्या, भंगारवाल्याकडून आणा, गावच्या लोहाराकडून जाळी वाकवून घ्या, काही बिघडत नाही. फक्त दोन गोष्टी पाहा. भांडं डगमगता कामा नये, आणि भांड्याचा बूड आणि बर्नर यांच्यातलं अंतर पूर्वीइतकंच राहिलं पाहिजे. जाळी फार बुटकी झाली की ज्योत बुडाला चेपते आणि हवा कोंडते. जुनी जाळी मोडली असली तरी टाकू नका. लोहाराला मापासाठी तीच दाखवा.

दुसरा गट ज्योत घडवणाऱ्या भागांचा: टोपी, बर्नर आणि जेट. हे बाजारात मिळतात, पण मापाने घ्यावे लागतात. टोपी एक मिलिमीटरने सैल असली तर फटीतून ज्योत खालच्या अंगाने बाहेर येते आणि चावी तापू लागते. माप घेणं अवघड नाही. बर्नरच्या तोंडावर कागद ठेवून बोटाने दाबा. कडेचा गोल ठसा उमटेल. तो कागद आणि जुना बर्नर दोन्ही पिशवीत घालून दुकानात न्या. गुरुजी, तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत व्हर्नियर कॅलिपर असेल, तर मुलांकडूनच हे माप घेऊन बघा. धडाही होईल आणि कामही.

जेटच्या बाबतीत मात्र अंदाज मुळीच नको. आमच्या शेजारच्या एका काकांना ज्योत बारीक वाटली, म्हणून त्यांनी शिलाई मशीनची सुई घालून भोक 'मोकळं' केलं. ज्योत मोठी झाली, काका खूश. आठ दिवसांत भांडी कोळशासारखी झाली आणि सिलिंडर महिन्याआधीच संपला. काय झालं? भोकाचा व्यास ०.७ मिलिमीटरचा १ मिलिमीटर झाला, तर ०.३ चाच फरक दिसतो. पण भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. ०.७ चा वर्ग ०.४९ आणि १ चा वर्ग १. म्हणजे गॅस जवळजवळ दुप्पट! हवा मात्र तितकी वाढत नाही. म्हणून जेट तुंबलं तर साबणपाण्यात भिजवून फुंकून पाहा. नच साधलं, तर त्याच शेगडीचं, त्याच मापाचं नवं घ्या. बसवताना आटे जुळतात का हे आधी बोटाने दोन फेरे देऊन पाहा. बोटाने फिरत नसेल तर पान्याने जबरदस्ती करू नका. ते जेट त्या शेगडीचं नाही.

तिसरा गट गॅस अडवून धरणाऱ्या भागांचा: चावीखालचा पितळी कॉक, रबरी नळी आणि रेग्युलेटर. इथे जुनंपानं, जुळवलेलं, कुणाचं काढून घेतलेलं काहीही चालणार नाही. वरची फिरवायची मूठ तुटली असेल तर तेवढी दुसरी मिळते. पण कॉकच्या आत एक निमुळता पितळी तुकडा असतो. तो आणि त्याचं घर कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनेच तयार केलेले असतात. एका कॉकचा तुकडा दुसऱ्या कॉकमध्ये घातला तर तो बसल्यासारखा दिसतो, पण गॅस पाझरतो. म्हणून कॉक घ्यायचा तर अख्खा आणि नवा, आणि बसवायचा तो जाणत्या मेकॅनिकच्या हातून. चावी जड फिरते म्हणून कॉकमध्ये गोडं तेल किंवा रॉकेल सोडू नका. त्याला वेगळं ग्रीस लागतं.

नळी आयएसआय शिक्क्याची, आत तारेची जाळी असलेली घ्या, आणि पाच वर्षांनी बदला. वरून चांगली दिसली तरी बदला. रेग्युलेटर तर बाजारातून विकत घ्यायची वस्तूच नव्हे. तो गॅस एजन्सीकडूनच घ्यावा. घरगुती रेग्युलेटर गॅसचा दाब सुमारे ३० सेंटीमीटर पाण्याच्या स्तंभाइतकाच ठेवतो, म्हणजे मुलांच्या फूटपट्टीएवढ्या उंचीचं पाणी. हॉटेलच्या किंवा मांडवातल्या भट्टीचा रेग्युलेटर याहून कितीतरी जास्त दाब देतो. तो घरच्या शेगडीला लावणं म्हणजे संकटाला आवतण.

मग शोधायचं कुठे? आधी आपल्या गॅस एजन्सीत पाटीवरचा मजकूर दाखवून विचारा. नंतर तालुक्याच्या गावी शेगडी दुरुस्तीचं दुकान गाठा. पुष्कळ आठवडी बाजारांतही असा कारागीर बसतो. त्याला नुसतं "टोपी द्या" म्हणू नका. जुना तुकडा हातात ठेवा. कारखाना बंद पडला असेल, तर त्याच नमुन्याची दुसरी मोडकी शेगडी शोधा. दोन मोडक्या शेगड्यांतून एक धड उभी राहते, पण ती पहिल्या गटाच्या बाबतीत, आणि मापाची खात्री करून दुसऱ्या गटाच्या. तिसऱ्या गटाला हात लावू नका.

सगळं जुळलं की लगेच काडी ओढू नका. दारं-खिडक्या उघडा, सिलिंडर जोडा, शेगडीच्या चाव्या बंदच ठेवा आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचा फेस लावा. फुगे आले तर गॅस गळतो आहे असं समजा. गळती काडीने तपासायची नसते, फेसानेच तपासायची. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत साठतो आणि वरच्या खिडकीतून सहजी जात नाही. वास आलाच तर रेग्युलेटर बंद करा, विजेचं बटण दाबू नका, माणसं बाहेर काढा आणि बाहेर गेल्यावर १९०६ या क्रमांकावर फोन करा.

आणि एक शेवटचं. शेगडीच्या आतली आडवी नळी, जिच्यातून दोन्ही चाव्यांना गॅस जातो, ती गंजून पातळ झाली असेल, तर जुन्या शेगडीचा मोह सोडा. आईच्या हाताची वस्तू म्हणून जीव अडकतो, हे खरं. पण तिची जाळी चुलीवर ठेवता येईल, टोपीचं पितळ मोडीत जाईल. लेकीच्या बिऱ्हाडाला मात्र नवी शेगडीच द्या.

बाकी शेगडी धड असेल, तर ती खुशाल उभी करा. या दिवाळीला ती माळ्यावरून उतरली, की भांडणाआधी ती उलटी करा आणि पाटी वाचा. ठेवायची की द्यायची, याचा निम्मा निकाल तिथेच लागेल.